बंदूक घडवावी की विकत घ्यावी?

पेरणी तोंडावर आली की आपल्याकडे घरोघर एक बोलणे निघते. जुनी तिफण मोडकळीला आलेली असते. नवी गावच्या सुताराकडून करून घ्यावी, की पूर्णेच्या नाही तर परभणीच्या बाजारातून तयार आणावी? एक म्हणतो, सुतार आपला आहे, मोडली तर पुन्हा त्याच्याच दारात नेता येईल. दुसरा म्हणतो, अहो, त्याला वेळ कुठे आहे? तोवर मृग निघून जाईल. तिसरा गाठीचे पैसे मोजतो आणि गप्प बसतो. आता ट्रॅक्टर आले, पण प्रश्न काही गेलेला नाही.

नेमका हाच प्रश्न आपल्या राज्यकर्त्यांना तिफणीबद्दल नव्हे, तर बंदुकीबद्दल आणि तोफेबद्दल पडत होता. शिवाजी महाराजांना पडला, पेशव्यांना पडला, महादजी शिंद्यांना पडला आणि हैदराबादच्या निजामालाही पडला. खजिना सर्वांचाच तंग होता. त्यांनी काय ठरवले आणि पुढे काय झाले, ते आज पाहू.

ही गोष्ट सांगायला आपले ताडकळस चांगले ठिकाण आहे. या गावच्या वेशीत उभे राहून चारी दिशांना पाहा. दक्षिणेला उदगीर, नैर्ऋत्येला खर्डा, वायव्येला असई आणि पूर्वेला उमरी. या चारही ठिकाणी हत्याराच्या किमतीचा हिशेब प्रत्यक्ष चुकता झालेला आहे. आपली शाळकरी मुले ही नावे सनावळीत पाठ करतात. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मात्र क्वचित सांगितले जाते.

आधी बंदूक म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. जुनी बंदूक तोड्याची. जळती वात, म्हणजे तोडा, दारूला लावायचा की बार उडायचा. पुढे चकमकीची बंदूक आली. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडायची. रायफल ही त्यानंतर सर्रास झाली. तिच्या नळीला आतून पेच असतात, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम धरते. यातली साधी नळीसुद्धा करणे सोपे नव्हते. तापलेली लोखंडी पट्टी गजाभोवती वळवायची, कडा ठोकून एकजीव करायच्या, मग आतून कोरून सारखी करायची. जोड कच्चा राहिला तर नळी शत्रूऐवजी धन्याच्याच तोंडावर फुटायची. आपले लोहार हे काम उत्तम करीत. त्यांच्या हातात उणीव नव्हती. अडचण वेगळीच होती. एकाची नळी दुसऱ्याच्या नळीसारखी नसे. शंभर बंदुकांना शंभर मापांच्या गोळ्या लागत असतील तर लढाईत दारूगोळा पुरवायचा कसा? इंग्रज कंपनीने ही गोष्ट ओळखली होती. तिने आपल्या फौजेसाठी एकच नमुना ठरवून इंग्लंडात बंदुका करवून घेतल्या. तो नमुना इतका सोयीचा ठरला की अठराव्या शतकाच्या अखेरीस खुद्द इंग्लंडच्या फौजेनेही तोच उचलला.

आता शिवकालाकडे येऊ. स्वराज्य उभे राहत होते तेव्हा महाराजांपाशी किल्ले होते, माणसे होती, पण भारी तोफा कमी होत्या. त्या टोपीवाल्यांकडे मिळत. म्हणजे विकत घेणे आलेच. पण विकणारा कसा असतो, ते १६६० साली पन्हाळ्याला दिसले. सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला होता. राजापूरच्या वखारीचा इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती आपला दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेले आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा करू लागले. व्यापारी म्हणून आलेले लोक पैसा दिसताच शत्रूचे गोलंदाज झाले! महाराजांनी पुढच्याच वर्षी, १६६१ साली, राजापूरची वखार लुटली आणि त्या इंग्रजांना कैदेत टाकले. वखारीच्या नुकसानभरपाईची बोलणी मग कित्येक वर्षे चालू होती. त्या बोलण्यांत तोफांचा विषय पुन्हा पुन्हा निघे. इंग्रज स्पष्ट नकारही देत नसत आणि खुला होकारही देत नसत. मोगलांची मर्जी मोडायची नाही आणि महाराजांनाही तोडायचे नाही, असा त्यांचा बेत.

महाराजांनी तेव्हा काय केले? एकाच दुकानावर विसंबायचे नाही, असे ठरवले. ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने नोंदले आहे की, १६७३ च्या सुमारास त्यांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून ऐंशी तोफा आणि बंदुकांसाठी भरपूर शिसे खरेदी केले. इंग्रज नाही तर फ्रेंच, फ्रेंच नाही तर पोर्तुगीज. विकत तर घ्यायचे, पण कोणा एकाचे मिंधे व्हायचे नाही. शिवाय राज्याचा मुख्य भार तोफांवर ठेवलाच नाही. तो ठेवला गडांवर आणि मावळ्यांच्या पायांवर. खिसा लहान असताना कोणती वस्तू आपल्याला अत्यावश्यक नाही, हे ओळखणे हीसुद्धा मोठी काटकसर असते, बरं का!

पुढे राज्य वाढले. लढाया डोंगरांतून मैदानात उतरल्या. मैदानात कवायती पायदळ आणि तोफखाना लागतो. पेशव्यांनी तोफा आणि गोळे ओतण्याचे कारखाने चालवले. पानसे घराण्याकडे तोफखाना सोपवला. पण कवायतीचे कसब कुठून आणायचे? ते विकत आणले. फ्रेंच सेनानी बुसी याने निजामाच्या राज्यात पलटणी तयार केल्या होत्या. त्या तालमीतला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून मराठ्यांकडे आला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला, तेव्हा या गारद्यांच्या तोफांनी आपला गुण दाखवला. सदाशिवरावभाऊंना वाटले, आता जमले. पण अवघ्या वर्षाच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. इब्राहिमखान शर्थीने लढला आणि शेवटी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. त्याच्या निष्ठेत कुठे खोट नव्हती. पण त्याची लढण्याची रीत एक आणि आपल्या घोडदळाची रीत दुसरी. गारद्यांनी जागा धरून तोफा चालवायच्या आणि स्वारांनी कळ काढून थांबायचे, ही सवय बाकीच्या फौजेला नव्हती. विकत आणलेले कसब घरात मुरायला वेळ लागतो. तो वेळ मिळालाच नाही.

यानंतरची गोष्ट महादजी शिंद्यांची. माझ्या मते आजच्या भाषणाचा गाभा तीच आहे. महादजींनी १७८४ साली द बॉयन या सव्हॉयच्या सेनानीला चाकरीत घेतले आणि पलटणी उभ्या करायला सांगितले. पलटणींना हजारो बंदुका लागणार. परदेशी व्यापाऱ्याकडून घ्याव्यात तर किंमत भारी, शिवाय कंपनी मनात येईल तेव्हा पुरवठा तोडणार. म्हणून आग्र्याला कारखाना घातला. तिथे सँगस्टर नावाचा स्कॉच कारागीर नेमला. तो पूर्वी गोहदच्या राण्याच्या चाकरीत होता. त्याच्या हाताखाली हिंदी कारागिरांनी काम केले. तोफा उत्तम ओतल्या जाऊ लागल्या. आणि बंदूक? काँप्टन या इंग्रज लेखकाने त्या काळच्या परदेशी सेनानींचा वृत्तान्त लिहिला आहे. त्यात तो सांगतो की, युरोपातल्या बंदुकीच्या तोडीची बंदूक आग्र्याला दहा रुपयांत पडत असे. फक्त दहा रुपये!

श्रोते हो, मघाच्या तिफणीच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळाल्यासारखे वाटते. घरी घडवा, स्वस्त पडते, मालही चांगला निघतो. शिंद्यांनी तसेच केले. मग ते हरले का?

त्याआधी आपल्या शेजारचे खर्डा पाहू. ११ मार्च १७९५. एका बाजूला पेशवे, शिंदे, होळकर, भोसले अशी सारी मराठी दौलत, दुसऱ्या बाजूला निजाम. गंमत अशी की, दोन्हीकडे फ्रेंच कवायतीच्या पलटणी. शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ, निजामाच्या पलटणींवर रेमाँ. रेमाँच्या पलटणी चांगल्या लढल्या, पण निजामच घाबरून मागे हटला आणि खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. या रेमाँनेही हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. त्याला लोक ‘तोप का साँचा’ म्हणत. हैदराबादेतल्या त्या भागाला आजही गनफौंड्री हेच नाव आहे. म्हणजे घडवण्याची बुद्धी निजामालाही सुचली होती. मार्च १७९८ मध्ये रेमाँ वारला. त्याच सालच्या सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तह केला. फ्रेंचांच्या पलटणी मोडायच्या, अशी त्यातली अट होती. ऑक्टोबरात इंग्रजी फौज त्यांच्या छावणीपुढे जाऊन उभी राहिली. आत दहा हजारांहून अधिक शिपाई होते. तोफा होत्या, बंदुका होत्या. पण पगार थकलेला होता. शिपायांनी आपल्याच फ्रेंच सरदारांविरुद्ध बंड केले होते. गोळी न झाडता सारी फौज निःशस्त्र झाली. तोफेची किंमत एकदाच मोजावी लागते, शिपायाचा पगार दर महिन्याला. दौलतीच्या हिशेबात पहिला आकडा सर्वांना दिसतो. दुसरा फार थोड्यांना दिसतो.

आता असई. जालना जिल्ह्यात हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा एका बाजूला, आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची अशी गाळण उडवली की, त्यांची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. आपले गोलंदाज तोफेशेजारीच पडले. काहींनी मेल्याचे सोंग घेतले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्याच पाठीवर तोफा फिरवल्या. शेवटी लढाई इंग्रजांनी जिंकली. त्यांच्या हाती नव्वदाहून अधिक तोफा लागल्या. वेलस्लीने पत्रात कबूल केले की, त्यांतल्या सत्तर पितळी तोफांइतका उत्तम माल आपण कधी पाहिलेला नाही.

म्हणजे पाहा. ज्याला जिंकायचे होते त्यानेच आपल्या कारखान्याला शाबासकी दिली. तोफ कमी पडली नाही, तोफेजवळचा माणूसही कमी पडला नाही. मग कमी काय पडले?

कमी पडली ती वरची फळी. शिंद्यांनी बंदुका घरी घडवल्या, पण पलटणींचे वरचे हुद्दे जवळजवळ सारे परदेशी माणसांना दिले. द बॉयनने १७९५ च्या अखेरीस निरोप घेतला. त्याच्या जागी पेराँ आला. पलटणींचा खर्च भागावा म्हणून दुआबातला मुलूखही त्याच्याच हाती होता. म्हणजे फौजेची किल्ली त्याच्याकडे आणि खजिन्याचीही त्याच्याकडे! १८०३ साली लढाईला तोंड लागताच इंग्रजांनी जाहीरनामा काढला, शिंद्यांची चाकरी सोडून आमच्याकडे या, तुमची सोय लावू. शिंद्यांकडचे इंग्रज अधिकारी निघून गेले. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला, तेव्हा शत्रूला दरवाजाची वाट दाखवणारा ल्यूकन हा शिंद्यांच्या चाकरीतूनच गेलेला होता. खुद्द पेराँही त्याच महिन्यात इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. ऑक्टोबरात आग्रा पडले आणि दहा रुपयांत बंदूक करणारे ते शहरच शत्रूच्या ताब्यात गेले.

आणि मग १ नोव्हेंबर १८०३ ला लासवारीची लढाई झाली. शिंद्यांच्या उरलेल्या पलटणींवर आता परदेशी सरदार नव्हते. आपलेच शिपाई, आपलेच सुभेदार. ते असे लढले की, इंग्रज सेनापती लेक याने त्यांच्या शौर्याची वाखाणणी केली. पलटणीच्या पलटणी जागच्या जागी कापल्या गेल्या, पण हटल्या नाहीत. माझ्या मनाला हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. ज्यांना मोठे हुद्दे द्यायला हवे होते ती माणसे घरातच होती. पण त्यांना सेनापतिपद चालवायला कोणी शिकवलेच नाही. वीस वर्षांत हजारो बंदुका घडल्या, सेनानी घडवायचे राहून गेले.

यापुढची दीडशे वर्षे हा प्रश्नच आपल्या हातून गेला. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेतली आणि १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. गावोगावचे बंदुका करणारे हात इतर कामांना लागले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तरी निजामही इंग्रजांचा मांडलिकच. त्यालाही मनाप्रमाणे शस्त्रे करता येत नव्हती.

म्हणूनच १९४७ साली इंग्रज गेले तेव्हा हैदराबाद सरकारला एकाएकी पुन्हा तोच प्रश्न पडला. भारतात विलीन व्हायचे नाही, असा हेका. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला, पण भारताकडून शस्त्रे मिळेनात. घडवायला सवड नाही. तेव्हा विकत घ्यायचे ठरले आणि पैसाही निजामाकडे अमाप. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढे आला. १९४८ साली त्याने कराचीहून रात्री विमाने उडवून बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवली. खेड्यापाड्यांत रझाकारांच्या हाती भाले, तलवारी, ठासणीच्या बंदुका होत्या. या हत्यारांनी त्यांनी लोकांना किती छळले, ते मराठवाड्यातल्या घराघरांना ठाऊक आहे. इकडे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली चळवळ उभी होती. सरहद्दीवर कार्यकर्त्यांची केंद्रे चालत. त्यांनाही पैसा लागे. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक फोडण्यात आली ती याच गरजेतून. ताडकळससारख्या खेड्यातल्या माणसाला दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट दिसत होती. हत्यार महाग आहे, आणि ते कोणाच्या हाती आहे यावर आपले जगणे-मरणे आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा राज्यात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. पाच दिवसांत कारभार आटोपला. रात्रीच्या विमानांतून आलेली शस्त्रे काही कामाला आली नाहीत. ज्या सरकारला स्वतःची रयत आपले मानत नाही, त्याला बंदूक कुठून तरी आणून पुरत नाही. कॉटनचे काय झाले? लंडनच्या कोर्टाने त्याला दोनशे पौंड दंड केला. विकणाऱ्याची जोखीम तेवढीच असते. बाकीची घेणाऱ्याच्या माथी.

आता आजचे दोन शब्द. एकट्यादुकट्या माणसापुरता हा प्रश्न कायद्याने मिटवलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक करणेही गुन्हा आणि बाळगणेही गुन्हा. पण देशापुढे तो उभाच आहे. बंगालमध्ये इशापूरला १९०४ साली रायफलींचा कारखाना सुरू झाला, तो आजही आहे. पण घरचा कारखाना असला की झाले, असेही नाही. १९६२ साली चिनी फौजा उतरल्या तेव्हा आपल्या जवानांच्या हाती जुनी, दर गोळीला खटका ओढावी लागणारी थ्री-नॉट-थ्री रायफल होती. ती घरी घडत होती, पण काळ पुढे गेला होता. त्यानंतर इशापूरने स्वयंभरणाची नवी रायफल बनवायला घेतली. अगदी अलीकडे, २०१९ साली, सरकारने अमेरिकन कंपनीकडून ७२,४०० रायफली सरळ विकत घेण्याचा करार केला, कारण गरज तातडीची होती. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. नमुना रशियाचा, पण घडवायच्या उत्तर प्रदेशात अमेठीजवळच्या कोरवा येथे. थोडे विकत, थोडे घरी. मृग तोंडावर असताना तयार तिफण आणावी आणि सुताराचे दुकानही बंद पडू देऊ नये, असाच हा व्यवहार आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. असई शिकवताना केवळ तारीख आणि विजेत्याचे नाव सांगून थांबू नका. मुलांना विचारा की, तोफा उत्तम होत्या, माणसे शूर होती, मग उणे काय होते? मुले आपणहून उत्तरे देतील. कोणी म्हणेल पगार, कोणी म्हणेल फितुरी, कोणी म्हणेल आपापसातली भांडणे. सारीच थोडीथोडी बरोबर आहेत. मग त्यांना दहा रुपयांच्या बंदुकीची गोष्ट सांगा. आग्र्याच्या कारागिराला नळी करायला शिकवणारा माणूस महादजींनी शोधून आणला होता. शिंद्यांच्या सुभेदाराला नकाशा वाचायला, पलटण चालवायला, हिशेब ठेवायला शिकवणारी शाळा मात्र कोणी काढली नाही. ती निघाली असती तर त्या दहा रुपयांचे चीज झाले असते.

जमले तर पोरांना घेऊन एकदा असईला जाऊन या.